पाचवी चौकट

दर मंगळवारी चार चौकटी द्यायच्या असतात.
तीनशे रुपये, आणि ते कधी, हे विचारायचं नाही.
माझ्या पट्टीत एक घूस आहे, कुशाबाई,
नागझरीच्या काठी राहते
आणि तिला सारखं वाटतं
की आपल्या शेपटीची कोणीतरी नक्कल करतंय.

पहिल्या चौकटीत ती सरकारी खिडकीपाशी:
"शेपटीचा हक्क नोंदवायचाय."
दुसरीत कारकून चष्म्यावरून बघतो: "मूळ प्रत आणलीत?"
तिसरीत ती वळून दाखवते.
चौथीत कारकून: "हिच्या तीन झेरॉक्स काढून आणा."

बरी जमली होती. बायकोही हसली,
जी सहसा माझ्या चुकांनाच हसते.

आणि शनिवारी, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात,
तांबोळींच्या झेरॉक्सच्या काचेवर
माझी घूस, माझा कारकून, माझी रेघ,
कोपऱ्यातली सही तेवढी कातरीने उडवलेली,
आणि फुग्यात नवंच वाक्य:
"एका बाजूला दीड रुपया. पाठपोट दोन."

मी आत गेलो. म्हणालो, हे माझं आहे.
तांबोळींनी चष्म्यावरून पाहिलं.
"किती प्रती हव्यात?"

शिवाजीनगरला वकील मैंदर्गींनी नोटीस लिहिली:
माझ्या अशिलांच्या मालकीची घूस
आपण विनापरवाना वापरात आणली असून...
मसुदा कुठल्यातरी जुन्या भांडणावरून उतरवलेला.
तिसऱ्या परिच्छेदात घुशीच्या जागी
"सदर सामाईक भिंत" तशीच राहिली होती.
"चालतं," मैंदर्गी म्हणाले, "आता तीन प्रती काढून आणा."

तीन प्रती.
त्या बोळाशिवाय
इतक्या स्वस्तात कुठे निघतात, सांगा.

तांबोळींनी नोटीस काचेवर पालथी ठेवली,
हिरवा उजेड सरकला, एकदा, दोनदा, तीनदा.
मग एक प्रत उचलून वाचली, शांतपणे,
भिंतीपाशी थोडे थांबले.
म्हणाले, "साहेब, मला वाटलं, हा कारकून म्हणजे मीच.
चष्मा माझा, मानेचा बाक माझा.
पोरं म्हणाली, अब्बा, तुम्ही छापून आलात.
म्हणून लावला."

मी काही बोललो नाही.
अकरा वर्षं याच काउंटरपाशी उभा राहून
मी ती मान पाहत आलो होतो.
विचारलं नव्हतं. सहीसुद्धा त्यांच्या मानेखालीच केली होती.

"आणि खालचं?" मी विचारलं.
खाली कोणीतरी बॉलपेनने एक चौकट जोडली होती,
रेषा वाकड्या, पट्टी न लावता मारलेल्या.
कुशाबाई खिडकीपाशी परत आलेली.
मागे रांगेत तीन पिल्लं,
तीन शेपट्या, एकीला गाठ पडलेली.
फुगा नाही. एक शब्द नाही.

"परभणीची मुलगी. स्पर्धा परीक्षावाली.
नोट्सचा गठ्ठा होईपर्यंत काढत बसली."

मी बराच वेळ पाहिलं.
तीन झेरॉक्स म्हणजे तीन पिल्लं,
हे मला का सुचलं नाही?
खरं सांगतो, राग तेव्हा आला,
सही कापली त्याचा नव्हे, याचा.

मुलीचा पत्ता विचारला. खोली सोडून गेली होती.

नोटीस खिशातच घडीवर घडी पडत मऊ झाली.
पुढच्या मंगळवारी पट्टीखाली बारीक अक्षरात लिहिलं:
हवी त्याने घ्यावी, बदलावी, पुढे काढावी.
नावं तेवढी कापू नयेत.
संपादकांनी जागेअभावी ती ओळ कापली.

तिथे तांबोळींची जाहिरात आली. पैसे भरून.
घूस, पिल्लं, पाठपोट दोन रुपये,
आणि कोपऱ्यात तीन नावं:
एक त्यांचं, एक "परभणीची ताई",
एक माझं, त्यांच्या अक्षरात,
दुसरी वेलांटी पहिली करून.